बक्षीस शेवटच्या जेवणाला

१२ डिसेंबर १९५९, शनिवार

आज पुन्हा टेबलक्लॉथ ओला केला! हात आपोआप तांब्याकडे जातो. बोटीवर समुद्र खवळला की आम्ही टेबलावरचं कापड ओलं करायचो — म्हणजे बशा घसरत नाहीत. इथे पांढरकवड्यात काय घसरणार? गिऱ्हाइकांची कोपरं तेवढी भिजतात आणि मग ते माझ्याकडे बघतात.

पडद्यामागे आमचं घर. तिथून सुग्राबी ओरडली, "काहून ओलं करून राह्यले? इथं जमीन हालते काय?"

घरात आम्ही हिंदीच बोलतो. पण बायकोला मनापासून काही सांगायचं असलं की ती मराठीत येते. माहेर केळापूरचं, कुणब्यांच्या पोरींत वाढलेली. ती हिंदीत बोलते तोवर मी निर्धास्त असतो, मराठी सुरू झाली की कान टवकारतो. आणि मी लिहितो मराठीत — डुमिंगला आणि बाकीच्या गोवेकर बटलरांना वाचता येऊ नये म्हणून बोटीवर लागलेली ही खोड!

गुडघ्यानं दगा दिला नसता तर आज आफ्रिकेच्या बोटीवर, मोंबासाच्या वाटेवर असतो. कंपनीनं उतरवलं, आणि मी हे चार टेबलांचं हॉटेल उघडून बसलो. गावात मोहिउद्दीन म्हणून मला कुणी ओळखत नाही. सगळे बटलरच म्हणतात.

१५ डिसेंबर, मंगळवार

चारपैकी एकच टेबल खिडकीचं. तिथून जिनिंगसमोरची कापसाच्या गाड्यांची रांग दिसते, आणि रांगेच्या पलीकडे मोटारस्टँड. केळापूरच्या विठ्ठलरावांना तेच टेबल हवं — चहा पिता पिता आपल्या गाडीवर नजर ठेवता येते.

आज आले ते तुरीच्या शेंगांनी भरलेली पिशवी घेऊन. चारचौघांदेखत टेबलावर आपटली! "घे बटलर. हंगाम सरेपावतर खिडकीचं टेबल माह्यं."

अरे देवा! बोटीवर हे काम किती नजाकतीनं चालायचं. पहिल्याच दिवशी साहेब सलूनच्या, म्हणजे जेवणाच्या दालनाच्या, दारात हेड बटलरशी हात मिळवायचा. हात सुटले की नोट इकडून तिकडे गेलेली असायची, आणि साहेबाचं टेबल किचनच्या दारापासून उठून खिडकीशी गेलेलं असायचं. दोघंही हवापाण्याच्या गप्पा मारत राहायचे. टेबल देणं हेडच्या हातात. आम्ही नुसते वाढपी.

मी विठ्ठलरावांना म्हटलं, "ही लाच झाली. खरं बक्षीस असतं ते शेवटी द्यायचं."

"बक्षीस? तुले कायचं बक्षीस? तू का कुस्ती जितला?"

सगळं हॉटेल हसलं. पडद्यामागूनही हसू आलं. त्यांचंही खरंच आहे म्हणा — इथे बक्षीस म्हणजे शाळेत पोरांना मिळतं ते. ताटं उचलणाऱ्याला कोण देतं? पंगतीत वाढणाऱ्याच्या हातावर कुणी पैसे ठेवले तर भांडणं होतील!

टेबल दिलं. शेंगा सुग्राबीनं मीठ घालून उकडल्या. चांगल्या होत्या.

१९ डिसेंबर, शनिवार

आज यवतमाळचा एक अनोळखी माणूस चहा पिऊन गेला आणि बशीखाली चार आणे ठेवून गेला. बशीखाली! दिसूही नयेत आणि सापडावेतही, असे. या हॉटेलातलं पहिलं बक्षीस!

मी पोचायच्या आत विठ्ठलरावांनी ते उचलले आणि धोतर सावरत मोटारस्टँडपर्यंत धावले. "ओ भाऊ! तुमचे चार आणे राह्यले नं!" तो बिचारा ओशाळला. परत घेऊन खिशात टाकले. विठ्ठलराव धापा टाकत आले आणि वर मलाच सांगतात — "पाह्य, तुह्या हॉटेलचं नाव राखलं म्या."

आत जाऊन सुग्राबीला सांगितलं. ती हसून हसून खाली बसली. तिच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला. त्यात ते भोकाचं नाणं अजून आहे. मोंबासाचे दहा सेंट. पहिल्या फेरीला एका गुजराती म्हातारीनं माझ्या हातावर ठेवले होते — माझ्या आयुष्यातलं पहिलं बक्षीस! डुमिंग हसला होता, एवढ्यात केळंसुद्धा येत नाही म्हणाला. मी आणून सुग्राबीला दिलं. दुसऱ्या फेरीला निघालो तेव्हा तिनं ते किल्ल्यांत ओवलं. म्हणाली, "राहू द्या माह्यापाशी. तुमी येईपावतर."

तेव्हापासून प्रत्येक फेरीला ते तिथेच. नवी नवरी होती तेव्हा. तेही मराठीतच म्हणाली होती!

२४ डिसेंबर, गुरुवार

उद्या नाताळ. बोटीवर आज कागदाच्या रंगीत टोप्या निघायच्या. पंखे गरगरायचे, बाजा वाजायचा, आणि जाडजूड साहेब टोप्या घालून कस्टर्ड खायचे. सकाळपासून आठवण येते आहे. इथे थंडी पडली आहे, आणि मला खाऱ्या वाऱ्याचा वास हवा आहे. आलूबोंडे तळताना मी मनात टेबलं मांडत असतो — पाच नंबरला डॉक्टर, सातला त्या दोघी बहिणी, ज्यांना शेजारी नको होता.

बंदर येण्याआधीचं शेवटचं जेवण म्हणजे आमची परीक्षा. बक्षीस त्याच जेवणाला, आधी नाही. जो आधी देतो त्याला काहीतरी हवं असतं. उतरताना देतो तो खरा. चिक्कू लोकांना नेमकी त्याच दिवशी बोट लागायची, जेवायलाच यायचे नाहीत! आणि एखादा, ज्यानं सगळा प्रवास तोंड उघडलं नाही, तो बशीखाली एवढं ठेवून जायचा की डोळे भरून यायचे. दुसऱ्या दिवशी बंदरावर तो दिसला तरी ओळख द्यायची नाही. हिशेब नव्हे, निरोप झालेला असतो.

जो उतरतो तो देतो. जो राहतो तो घेतो. हे मी सुग्राबीला शंभरदा सांगितलं असेल. मी नेहमीच राहणारा. टोपल्या, ट्रंका, मुलं घेऊन सगळे शिडीवरून उतरायचे आणि मी वरून बघायचो. वाईट वाटायचं, पण मजाही वाटायची — माझा प्रवास संपतच नाही म्हणून!

४ जानेवारी १९६०, सोमवार

डुमिंगचं कार्ड. हेड बटलर कायमचा गोव्याला गेला. कंपनीच्या साहेबानं त्याच्या जागी माझं नाव घेतलं. महिनाअखेरीला बोट सुटते, त्याआधी मुंबईत हजर हो. सलून तुझं.

सलून माझं! दारात उभा राहणार मी. कोण कुठे बसेल ते ठरवणार मी. सगळी उमर त्या माणसाच्या पाठीमागे ताटं घेऊन उभा राहिलो.

कार्ड चारदा वाचलं. विठ्ठलरावांचा चहा उतू गेला.

५ जानेवारी

सुग्राबीला सांगितलं नाही. गुडघ्याला तेल लावलं. खरंच कमी दुखतो!

८ जानेवारी, शुक्रवार

सांगितलं. ती कणीक मळत होती. हात थांबले नाहीत.

"कितने दिन?"

म्हटलं, आता हेड आहे, दोन-तीन वर्षं तरी. अधूनमधून येईन.

"जाओ फिर."

हॉटेलचं काय विचारलं तर म्हणाली, "बंद कर देंगे." हिंदीत! ना रडणं, ना भांडण. मी घाबरलो होतो उगीच. ती पहिल्यापासून अशीच आहे. आमची लेक शमसुन चालायला लागली तेव्हा मी दारेसलामला होतो, तिचं लग्न ठरलं तेव्हा समुद्रात. परत आलो की दारात ही उभी, गरम पाणी तयार. बाईनं कधी तक्रार केली नाही. नशीबवान आहे मी.

१४ जानेवारी, गुरुवार

संक्रांत. विठ्ठलरावांनी तिळगूळ दिला आणि लगेच मुद्द्यावर आले. "तू जाऊन राह्यला म्हन्तेत. मंग खिडकीचं टेबल कोनाचं?"

"हॉटेलच बंद होणार."

"बंद? बाप्पा! आन माही गाडी कोठून पाहू मी?" खरोखर हिरमुसले. मग खिडकीतून रांगेकडे बघत म्हणाले, "बसाची जागा लय चांगली होती गड्या. भाबी तं कधी बसली नाई अथी."

नाही बसली. पडद्याच्या अलीकडे ती कधी आलेलीच नाही. तिकडूनच ताटं सरकवते. मी हजारो लोकांना चांगली टेबलं मिळताना पाहिली, आणि हिला—! मनात एक गोष्ट आली आहे. निघायच्या आधी तिला शेवटचं जेवण द्यायचं. बोटीवरचं. खिडकीच्या टेबलावर.

२२ जानेवारी, शुक्रवार

उद्या सकाळच्या मोटारीनं निघायचं. यवतमाळ, धामणगाव, मुंबई.

जुम्म्याची नमाज आटोपून आलो, हॉटेलचं दार लावून घेतलं, ट्रंकेतून पांढरा कोट काढला. पितळी बटणं घासली. सकाळीच कटलेट आणि कस्टर्ड करून ठेवलं होतं. कटलेट फुटले, कस्टर्ड थोडं करपलं. डुमिंगनं नाक मुरडलं असतं. टेबलक्लॉथ ओला केला — बोटीवरच्यासारखा!

पडद्यापाशी जाऊन वाकलो. म्हटलं, "मेमसाब, आपका टेबल तयार है."

ती आली. हिरवी साडी नेसली होती, ईदची. खुर्चीच्या कडेवर टेकली आणि लगेच पाय वर घेऊन मांडी घातली. मी डावीकडून वाढायला गेलो तर माझ्या हातून डिशच घेतली. सवय! वाढून घेण्याची सवयच नाही तिला. दोनदा सांगितलं तेव्हा हात मांडीवर ठेवून बसली. मी वाढत राहिलो. इतकं सुख मला कुठल्या साहेबाला वाढताना झालं नव्हतं, हे लिहायला लाज कसली!

ती सावकाश जेवली. बाहेर गाड्यांची रांग होती, मोटारस्टँडवर एक मोटार उभी होती. बराच वेळ बघत होती.

"इधर से मोटर दिखती है," म्हणाली. "घर से तो सिर्फ हॉर्न सुनाई देता था."

कस्टर्ड बोटानं चाटलं. "यही खिलाते थे सबको?"

"हां."

"अच्छा है."

चहा घेतला. चेहरा शांत होता. मी इतका खूश झालो की उष्टी भांडी तशीच टाकून तिकीट काढायला गेलो. असं मी कधी करत नाही. म्हटलं, सकाळी उचलू. ट्रंक दाराशी आणून ठेवली आहे.

२३ जानेवारी, शनिवार

पहाटे टेबल आवरायला घेतलं. कप उचलला, बशी उचलली. बशीखाली ते भोकाचं नाणं.

पडद्यामागे जुडगा वाजला. आवाज हलका होता. मी विचारलं, हे काय? ती बाहेर आली नाही.

मराठीत बोलली. "तुमीच सांगतलं नं, जो उतरते तो देते. मी उतरली. वाट पाहनं आता होत नाई माह्यानं. तुमी जा."

मी नाणं मुठीत घेतलं. एवढी वर्षं मला वाटत होतं, प्रवासात मी आहे!

मोटारीचा हॉर्न वाजला. एकदा. मग पुन्हा. माझ्या मोटारीचा हॉर्न आज पहिल्यांदा मी मागे राहून, घरातून ऐकला.

ट्रंक आत ओढली. नाणं पडद्याखालून सरकवलं — बराच वेळ तसंच पडून होतं. मग किल्ल्या वाजल्या. खिडकीच्या टेबलावर धुतलेला टेबलक्लॉथ घातला. कोरडा.