शेवटचा हात

१५ सप्टेंबर २०२५
आज इच्छापोरच्या नेमबाजी केंद्रात रुजू झाले. घरून, म्हणजे गोडादऱ्याहून, बस बदलून यावे लागते. पण दुरुस्तीच्या खोलीला मोठी खिडकी आहे, समोर मैदान दिसते आणि मला स्वतंत्र मेज आहे. एवढ्यावरच मी प्रसन्न आहे. मराठी माध्यमात पहिली आलेली प्रज्ञा बंदुकांचे काय करणार, असे मालक हितेशभाईंनी हसत विचारले. रायफलवर दुर्बीण धरणारी पट्टी घट्ट बसवायला माध्यम लागत नाही, हे उत्तर मला घरी पोहोचल्यावर सुचले.

१८ सप्टेंबर
हे काम मला फार आवडू लागले आहे. आधी पट्टी आणि तिच्याखालची जागा स्पिरिटने पुसायची. स्क्रूच्या भोकांत तेलाचा अंशही उरता कामा नये. मग स्क्रूच्या आट्यांवर निळ्या गोंदाचा थेंब. सगळे स्क्रू थोडे थोडे, आलटून पालटून आवळायचे. शेवटी दाब मोजणाऱ्या पान्याने बेताचा दाब. त्यानंतर दिवसभर हात लावायचा नाही. तेल शिरले तर गोंद धरत नाही, गोळीच्या धक्क्याने पट्टी सरकते, आणि मग दुर्बीण एकीकडे पाहते, नळी दुसरीकडे.

२२ सप्टेंबर
निशाणाचे कागद बदलणाऱ्या वत्सलामावशींनी इथली रीत सांगितली. दसऱ्याला शस्त्रपूजा होते. पूजेच्या रायफलच्या पट्टीला ज्याचा हात शेवटचा लागला, त्याने पहिल्या गोळीच्या वेळी निशाणाशेजारी उभे राहायचे. म्हणजे यंदा मी. मला हसू आले. मावशी हसल्या नाहीत. गेल्या दसऱ्याला राखी उभी होती, म्हणाल्या; तुझ्याच मेजावर बसायची. गोळी तिच्या गळ्यात लागली, जागीच गेली. स्क्रू तिनेच ढिले ठेवले, असे हितेशभाईंनी सगळ्यांना सांगितले. तिच्या आईलासुद्धा.

२६ सप्टेंबर
तीच रायफल माझ्यापुढे आली. जुनी पट्टी उतरवली. स्क्रूंवर गोंद होता, आवळल्याच्या खुणाही नेमक्या होत्या. राखीने कसूर केली नव्हती. मात्र भोकांच्या तळाशी तेल वाळून बसले होते, आणि त्यात कुंकू.
मावशींनी वाकून भोके पाहिली. मग म्हणाल्या, रायफल चकाकावी म्हणून पूजेआधी भाईच तेल चोळतात. राखीने गोंद सुकेपर्यंत थांबा म्हटले होते, तर पोरगी आता देवालाही वेळापत्रक देणार, असे बोलून त्यांनी सगळ्यांना हसवले होते.
पट्टी पुसून नुसती टेकवली आणि दुर्बिणीतून पाहिले. निशाणाशेजारी एक पाठमोरी मुलगी उभी होती. डोळा काढला. मैदान रिकामे.

२९ सप्टेंबर
दुर्बिणीतली मुलगी आता पाठमोरी नाही. गळ्यावर हात आहे. पाहते ती माझ्याकडे नव्हे — माझ्या मागे, हितेशभाईंच्या दाराकडे.
आधी भीती वाटली. आता राग येतो, आणि तो माझाच असल्यासारखा येतो. माझे बाबा बुद्धविहारात मैत्री-करुणा शिकवतात, ते सारे आठवते. तरीही.

१ ऑक्टोबर
नवी पट्टी आजच आली. बसवली. पाना माझ्या हातात होता, दाब राखीचा.
गोंद ओला आहे, आज तेल नको, असे हितेशभाईंना विनवले. पुस्तकवाळी बेन, पुस्तकी बाई, घाबरली, म्हणाले, आणि बाटली उचलली. तेल भोकांपर्यंत ओघळले. मी पुसायला हात पुढे केला — मावशींनी मनगट धरले. राहू दे माय, म्हणाल्या. शेवटचा हात त्यांचाच राहू दे.

२ ऑक्टोबर
बाबा पांढरे कपडे घालून विहारात गेले. मी इथे —
मावशींनी सगळ्यांसमोर रीत बोलून दाखवली. शेवटचा हात कोणाचा, विचारले; काल तेल चोळले ते भाईंनीच, असे स्वतःच सांगितले. लोक टाळ्या वाजवू लागले. भाई माघार कशी घेणार? स्वतःच गोळी भरून रायफल टेकूवर ठेवली. झाडायची प्रज्ञाबेननेच, म्हणाले, मग तर मला काहीच धोका नाही. मिशीला पीळ देत निशाणाशेजारी जाऊन उभे राहिले.
मी नकार दिला. खोलीत येऊन कडी लावली. रायफलजवळ कोणी नाही —
खिडकीतून दिसते. पट्टी सरकली आहे. दुर्बीण आभाळाकडे — नळी मात्र —
नळी वळते आहे. कोणी धरलेली नाही.
चापावर बोट. तेलकट, कुंकवाचे —
भाई हसताहेत. त्यांना दिसत नाही. खिडकी उघडी आहे, हाक मारली तर ऐकू जाईल. मी अजून हाक मारलेली नाही —