असणार आणि असणारच

बाबा, उद्या मला एका नकाशावर सही करायची आहे आणि कालपासून मी घरात नुसत्या येरझाऱ्या घालते आहे. चहा गाळते आणि ओट्यावरच विसरते. नकाशा तुमच्या ओळखीच्या मुलखाचा आहे. गुडगावच्या खाली अरवलीची टेकाडं शेतांत उतरत जातात, तो पट्टा. खडक कुठे, वाळू कुठे, हे नोंदवून आम्ही नियोजनवाल्यांना देतो, म्हणजे घरं कुठे बांधू द्यायची आणि कुठली जमीन राखून ठेवायची हे त्यांना ठरवता येतं. खडकाच्या भेगांतून पावसाचं पाणी खाली मुरतं आणि आसपासच्या गावांच्या बोअरना तेच पुरतं, म्हणून जिथे खडक तिथे कॉलनी नको, एवढा साधा हिशेब. या पट्ट्यात खडक कुठे संपतो ती रेघ जुन्या नकाशावर तुम्ही काढलेली आहे. सलग रेघ. खाली कोपऱ्यात तुमचं नाव आहे.

आपल्या सरकारी क्वार्टरचं स्वयंपाकघर आठवतं. रविवार आहे, तुम्ही जुन्या टूथब्रशने दगड घासताय आणि आई वैतागून म्हणते आहे, "त्या दगडांना अभ्यंगस्नान घालायचं तर बाहेरच्या नळावर घाला, मला भाजी धुवायची आहे." मी जमिनीवर बसून पहाडगंजच्या आमच्या मराठी शाळेच्या आसपासचा नकाशा काढते आहे, बाईंनी सांगितलेला. तुम्ही ओल्या हाताने एका गल्लीवर बोट ठेवता. "ही मागून स्टेशनकडे जाते?" मी म्हणते, "जात असणारच." "तू गेली आहेस?" "नाही." "मग तो 'च' कुणाला विचारून लावलास? चाललीस तर सलग रेघ. नुसतं वाटतंय तर तुटक. 'असणार' म्हण, 'असणारच' म्हणायचं तर आधी पाय मळव." मी रडायला लागले तेव्हा आई म्हणाली, "अहो, शाळेचा नकाशा आहे तो, सरकारी नाही!" तुम्ही तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शाळेत लागलेली खोड सरकारात सुटत नाही, एवढंच म्हणालात आणि पुन्हा दगड घासू लागलात. त्या एका अक्षराने माझा पुढे फार छळ केला आहे. लग्नाला होकार देतानाही मी "बहुतेक" म्हणाले होते. तुमचा जावई आजही पाहुण्यांसमोर ते सांगतो.

गेल्या आठवड्यात मी तुमच्या रेघेवर चालायला गेले. मधला बराच भाग आता फार्महाऊसांच्या भिंतींमागे गेला आहे, पण एका जागी शेतातून पलीकडे जाता आलं. तिथली वाळू लोकांनी उपसून नेली आहे आणि खड्ड्याच्या तळाशी खडक उघडा पडला आहे, तुम्ही ज्याला गारेचा खडक म्हणायचात तोच. तुमच्या रेघेच्या चांगलाच पलीकडे. शेताची मालकीण डोक्यावरचा पदर सावरत म्हणाली, "मैडम जी, लिख दियो यहाँ पत्थर है. कॉलनी आ गई तो पानी सारा वो खींच लेंगे." तिच्या नवऱ्याने मागून हात जोडले, "ना जी, मत लिखियो! पत्थर लिखा तो ज़मीन कौन लेगा?" मग दोघं आपसांत भांडत घराकडे गेली आणि मी तिथेच उभी राहिले. तुमच्या वेळी वर वाळू असेल, तुम्हाला दिसला नसेल. किंवा तुम्ही तिथवर गेलाच नसाल. उन्हात जीपमध्ये बसून लांबूनच रेघ ओढली असेल. हा दुसरा विचार मला झोपू देत नाही.

साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, "अरे यार, एक गड्ढे से क्या होता है? पुरानी शीट में सॉलिड लाइन है, वही उठा लो. आपके ही फादर की है ना? वो तो चले होंगे उस पर?" त्यांचं अगदीच चूक नव्हतं. एका खड्ड्यावरून खडक कुठपर्यंत आहे ते कळत नाही, नवी सलग रेघ मलाही काढता येत नाही. फक्त तुमची तुटक करता येते. तसं केलं की तो तुकडा पुन्हा तपासणीला जाणार, कॉलनीचं काम अडणार, आणि तुमच्या नावावर कायमचं प्रश्नचिन्ह बसणार. मी म्हणाले, "बिल्कुल चले होंगे, सर. चले ही होंगे." आणि बाहेर कॉरिडॉरमध्ये येऊन स्वतःवरच चडफडले. तुमच्यासाठी मी तुमचाच नियम मोडला होता.

आज दुपारी मी रेघ तुटक केली. उद्या साहेब रागावतील, रागावू देत, सही त्याच नकाशावर होईल.   पण एक गोष्ट मी घरातही कुणाला बोलले नाही, आणि हे कागद पोस्टात टाकायचे नाहीत, तुम्ही आता कुठल्याच पत्त्यावर नाही, म्हणूनच लिहिते. त्या खड्ड्यात उतरून खडकावर तळहात टेकला तेव्हा मला वाईट वाटलं नव्हतं. बाबा चुकले, म्हणून मी चक्क हसले होते, एकटीच, मोठ्याने. मग ते सांगायला फोन काढला आणि लक्षात आलं, हे ऐकून ज्याने माझ्याशी तासभर भांडावं असा माणूस एकच होता.