कापसाच्या गोदामातल्या खोल्या

मी, श्रीमती रत्नप्रभा नंदकिशोर आर्णीकर, पंचायत समितीतून निवृत्त झालेली कारकून, राहणार दिग्रस, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझे डोके पूर्ण ठिकाणावर आहे. गुडघे तेवढे नाहीत. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. मरायची मला मुळीच घाई नाही. उलट हल्ली मला जेवढा हुरूप आहे, तेवढा लग्नातही नव्हता. पण मिळकत वाढली की तिची व्यवस्था लिहून ठेवावी, एवढे सरकारी नोकरीने शिकवले.

कलम १. माझे राहते घर व दागिने माझी एकुलती मुलगी स्पृहा हिला मिळावेत. यात वाद नाही.

कलम २. बस स्टँडमागचे गोदाम ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. ज्या जिनिंगमध्ये माझे यजमान हयातभर हिशेबनीस होते, ती कापसाच्या पडत्या काळात बंद पडली. मालकाने गोदाम विकायला काढले, तर पाहायलाही कोणी येईना. मी गेले. उंच छत, जाड भिंती, दोन्ही बाजूंनी वारा. मला तिथे खोल्याच दिसल्या! बदलीवर आलेल्या नर्सबाया, शिक्षक, एसटीचे कंडक्टर यांना गावात जागा मिळत नसे, हे ऑफिसात रोज कानावर पडायचे. निवृत्तीची सगळी रक्कम मी त्यात घातली.

माझे दीर चारुदत्त नागपूरहून आले आणि म्हणाले, "वहिनी, कापूस बुडाला, गाव बुडालं. खोल्या कोणासाठी बांधता?"

सगळ्या खोल्या भरल्या. त्या दिवशी मधुमेह असून मी पेढे खाल्ले.

कलम ३. बसल्या जागी भाडे येईल, अशी माझी समजूत होती. पण रोज कोणीतरी दारात. "काकू, नळ गळून राह्यला." "काकू, बाजूवाल्याचा टीव्ही लय जोरात हाये." नोकरीपेक्षा जास्त धावपळ झाली. एकदा पाण्याच्या टाकीची शिडी चढताना पाय घसरला. कोपऱ्यातल्या खोलीतली भाडेकरू फरहाना हिने मला धरले. तिचा नवरा अब्दुल गनी त्याच जिनिंगमध्ये मेकॅनिक होता. काम गेल्यावर तो मोटारपंप दुरुस्त करी, ती शिलाई करी.

"काकू, तुमी मालकीण का प्लंबर? कायले चढून राह्यल्या?" ती रागावली. "मले सांगा ना. भाडं मी गोळा करतो, नळ-लाइट आमचे हे पाहतील. तुमी घरी बसा."

"आणि तुझं काय?"

"खोलीचं भाडं माफ करा, अन् वरून दहावा हिस्सा द्या. फुकट नाही करत मी."

ते "फुकट नाही" मला फार पटले. फुकट करणारा माणूस उद्या सोडून जातो. मी तिथेच, शिडीखाली, हो म्हटले.

कलम ४. त्यानंतर मी पुण्याला स्पृहाकडे लांब मुक्कामाला गेले. सुरुवातीला सारखा फोन करायची. फरहाना म्हणायची, "काही काम नाही तं फोन कायले करता?" मग मी फोन सोडला आणि साठी उलटल्यावर पोहायला शिकले. पाण्यावर पाठ टेकून आभाळ पाहिले, आणि तिकडे भाडे आपोआप जमा होत होते!

तेवढ्यात चारुदत्त एका गिऱ्हाइकाला घेऊन गोदामावर आले. वहिनी कायमच्या मुलीकडे गेल्या, गोदाम विकायचे आहे, असे त्यांनी सांगितले. फरहाना फाटकात उभी राहिली.

"साहेब, काकूच्या सहीचा कागद हाये का?"

"मी घरचा माणूस आहे."

"घरचे असान तं काकूच्या घरी जा. इथं भाडेकरू राह्यतात."

तिच्या मागे कामावर निघालेल्या नर्सबाया, शिक्षक, कंडक्टर येऊन उभे राहिले. गिऱ्हाइकाने स्कूटर वळवली. फरहानाने मला संध्याकाळी एवढेच कळवले, "एक जण आलता, परत लावला." बाकीचे भाडेकरूंनी नंतर सांगितले. मी परतले तेव्हा भिंतींना चुना लागला होता आणि एकही खोली रिकामी नव्हती.

म्हणून, गोदामाची मालकी स्पृहाला. पण कारभार व दहावा हिस्सा फरहानाकडे, तिच्या हयातीपर्यंत. तिच्या संमतीशिवाय गोदाम विकता येणार नाही. स्पृहाने फोनवर विचारले, "आई, मग मी काय करायचं?" काही नाही, बाळ. तेच शिकायचे आहे. माणूस नीट निवडायचा, त्याचा वाटा वेळेवर द्यायचा आणि मध्ये पडायचे नाही.

कलम ५. चारुदत्त यांना मिळकतीत हिस्सा नाही. यजमानांचे मनगटी घड्याळ त्यांना द्यावे. त्यांचा या थोरल्या भावावर जीव होता. दिग्रसला राहावेसे वाटल्यास त्यांना खोली द्यावी. भाडे आगाऊ, फरहानाच्या हाती.

कलम ६. महागावला एक बंद तेलघाणी विकायला आहे. फरहानाने मोजायचा टेप पिशवीत टाकला आहे आणि ती दारातून हाका मारते आहे. त्या मिळकतीसाठी खाली अर्धे पान कोरे सोडत आहे.

लिहून ठेवणार : रत्नप्रभा नंदकिशोर आर्णीकर

साक्षीदार :
१. हरिसिंग भिकू राठोड, निवृत्त शिक्षक, दिग्रस
२. विमलताई सदाशिव ठोंबरे, शेजारीण (वाचून, हसून सही केली)

स्थळ : दिग्रस
दिनांक : १२ नोव्हेंबर २००७, महागावची बस सुटण्यापूर्वी