वांदरानं तोडलेला अँटेना

ता. अहेरी
९ फेब्रुवारी २००९

चि. सौ. रंजीताले तिच्या सासूचे आशीर्वाद.

तू बरी असशील. तुह्या आईबाबाले माह्या नमस्कार सांग. इथी आमी सगळे बरे आहो, असं लिहाची रीत हाये म्हणून लिहिते. माह्या हातचं पत्र पाहून तुले हासू येईल. चौथीनंतर एवढं कधी लिहिलंच नाई. तू शाळेत हिंदी शिकली, अक्षरं तेच हायेत, सावकाश वाचजो. पण दुसऱ्या कोणाले वाचाले देऊ नको.

धान चुरून झालं. गाय व्याली, गोऱ्हा झाला. तू घरामागच्या सांदवाडीत लावलेल्या वालाले शेंगाच शेंगा. मी तोडते, पण खाणार कोण? गोपाल ताटावर बसते अन् उठते.

संक्रांतीले चार दिवसासाठी म्हणून गेली ते गेलीच. गोपाल आणाले आला तं एकटाच वापस. मी विचारलं, काऊन रे, बायको कुठी? तं म्हणे, "ते म्हणते, तिथी मी मुकी होऊन राह्यली." मी काय म्हटलं माहीत हाये? म्हटलं, नखरे हायेत सारे. आता हे लिहिताना माह्याच तोंडात मारावी वाटते.

टीव्हीचं सांगते.

तू आली तवा बांबूवर एकच अँटेना होता. दुपारी तू तो नदीच्या अंगाले, तुह्या माहेराकडे फिरवे, तुह्या तेलुगू बातम्यासाठी. संध्याकाळी माह्या मालिकेच्या आधी चंद्रपूरकडे फिरवून ठेवे. मी आतून ओरडो, "अवं मुंग्या! अजून मुंग्या!" अन् तू उन्हात, पावसात बांबू धरून उभी. एक डाव नाई विसरली. मले कधी म्हणावं लागलं नाई. ते तवा माह्या ध्यानात नाई आलं.

मंग गोपालनं अहेरीच्या वाजिदभाऊले बोलावून दुसरा अँटेना बसवला. त्यानं आधी दोन्ही वायर एकात पिळले, तं एकेका बाईले दोन दोन नाकं! कशी हासली होती तू, पोट धरून. मंग त्यानं मागं खटका बसवला. वर केला तं मराठी, खाली केला तं तेलुगू. कोणाले बांबू फिरवाचं काम नाई, भांडण नाई.

दिवाळीनंतर नदीकडचा अँटेना बंद पडला. वांदरानं वायर तोडला, असं मी सांगतलं. तू मानलं. तरी दुपारी कामं आटपून तू खटका खाली करे, मुंग्या पाहत बसे, अन् बंद करे. रोज. मी चुलीपासून पाहत होती. वांदराले दोन शिव्या देऊन चहा ठेवत होती.

वांदरं नव्हती वं. मी होती.

तुले वाटन म्हातारीले तुह्या तेलुगू बातम्याचा जळफळाट होता. तसं नाई. तुह्यी आई आली होती न दिवाळीत? तुम्ही दोघी अंगणात बसल्या, मी आत तांदूळ निवडत. माह्यं माहेर ब्रह्मपुरीकडचं, इतकी वर्षं इथी काढली तरी ते भाषा मी कानात शिरू देल्ली नाई, तो माह्या ताठा. पण तुह्या तोंडून मी आयकलं, साफ आयकलं, "आता चाला मंचिरी..." पुढं दोघी हासल्या. माह्या हातातलं सूप तसंच राह्यलं. नदीपलीकडं, मंचिरियालले! म्हटलं, झालं. हे पोरगी माह्या एकुलत्या एका पोराले घेऊन जाते मंचिरियालले. तिथी रेल्वे हाये, काम हाये, आपल्या माणसाईचा मुलूख हाये. अन् मी इथी राहीन गाईसंगं बोलत. गोपालचे बाबा गेल्यापासून मले हेच एक भेव. तवापासून घरात तेलुगू आवाज आला का मले वाटे, निघाले दोघं. तू अन् गोपाल शेतात गेले त्या दिवशी शिडी लावून चढली कवेलूवर, अन् पेचकसानं वायर काढून टाकला.

मागच्या बाजाराच्या दिवशी वाजिदभाऊले बोलावलं, मराठीतही मुंग्या येऊन राह्यल्या म्हणून. तो वर चढला, पाहून खाली उतरला अन् म्हणे, "रुखमाबाई, तुमच्या गावातल्या वांदराले पेचकस चालवता येते का?"

मी लाजेनं लाल. माणूस चांगला, कोणाले सांगणार नाई म्हणे, पण काऊन केलं ते सांगा. त्याच्या बायकोचं माहेर नदीपलीकडचं, त्याले तुह्यी भाषा येते. म्हणून जसं आयकलं होतं तसं सांगतलं. तो आधी हासला. मंग हासणं बंद केलं त्यानं. म्हणे, "बाई, ते अत्ता चाला मंचिदी असन. अत्ता म्हणजे सासू. चाला म्हणजे लय. मंचिदी म्हणजे चांगली."

सासू लय चांगली.

रंजीता, मी त्याच्यापुढंच रडली. तू तुह्या आईजवळ माह्यं चांगलं सांगत होती, अन् मी त्याच बोलण्यासाठी तुह्यं बोलणं तोडलं. घरात त्या भाषेत बोलणारं एक माणूस नाई, तो एक टीव्ही होता, तोही मी ठेवला नाई. वरून रोज तुले चहा देल्ला. तो चहा मले सगळ्यात जास्त सलते.

काल गोपालले सारं सांगतलं. त्यानं बैल सोडले अन् शेतात गेला, जेवाले आला नाई. त्याचा राग बरोबर हाये.

वाजिदभाऊनं वायर जोडून देल्ला. आज दुपारी खटका खाली करून मी एकटीच बसली. चित्र एकदम साफ. माणसं बोलत होती, हासत होती, मले एक अक्षर समजत नव्हतं. थोड्या वेळानं मले गुदमरल्यासारखं झालं, तरी बंद नाई केला. तुले तीन वर्षं काय होत असन ते मले आज समजलं.

ये म्हणाचं तोंड मले राह्यलं नाई. तुले इकडं याचं नसन तं गोपालले तिकडं बोलावून घे. मी अडवणार नाई, शिव्या देणार नाई. हे खरं लिहिते. अन् याचं असन तं तुह्या आईले घेऊन ये. अंगणात बसून किती बोलाचं ते बोला, जोरानं हासा. कोणाबद्दल बोलता ते मी विचारणार नाई.

तुह्यी सासू,
रुखमाबाई

(सासूसाठी तुह्या भाषेतला शब्द मले आता येते. पण तू मले त्या नावानं हाक मारल्याशिवाय तो सहीत लिहाचा माह्या हक्क नाई.)