पुलाखालचं वांगं

मास्तर, आज दुपारी नातीला तुमच्या वांग्याची गोष्ट, मी वहीत उतरवून ठेवलेली, वाचायला दिली आणि पाच ओळींत दमले. ती नाही, मी. ती एकेक अक्षर बोटाने दाबत पुढे सरकते, जोडाक्षर आलं की माझ्या तोंडाकडे बघते आणि मी सांगेपर्यंत थांबते. घरात बोलते बरं मराठी, म्हणजे मराठीत अर्धं हिंदी आणि वर थोडं तेलुगू. वाचायची वेळ आली की मात्र परकी होते. शेवटी म्हणाली, "आजी, इतना बडा बैंगन कुठं असतंय? काहीपण सांगते तू." मी वही मिटली. इतकी वर्षं जामबागेतल्या शाळेत हेच शिकवत आले, मास्तर. वर्गातली मुलं दर जूनला कमी होत गेली, मग मी निवृत्त झाले, आता घरात एकच विद्यार्थिनी उरली आहे आणि तिलाही वेळ नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण हे ऐकवायला दुसरं कोणी नाही.

तुमचा वर्ग म्हणजे जामबागेतल्या एका घराची पडवी. सरकारी शाळेत सगळं उर्दूतून, म्हणून चार मराठी घरांनी मिळून तुम्हाला सांगितलं होतं की शाळेआधी तासभर मुलांना आपली अक्षरं द्या. तुमच्याकडे पुस्तक नव्हतं. पहिल्या दिवशी तुम्ही फळ्यावर दोनच शब्द लिहिलेत, 'वांगं आलं'. दुसऱ्या दिवशी ते मुशी नदीच्या पुरात वाहत आलं आणि अफझलगंजच्या पुलाखाली अडकलं. तिसऱ्या दिवशी शिडी लावून लोक त्याच्या देठावर चढले. पुढचं आम्ही सांगायचं. तुमचा नियम एकच, आजची थाप कालच्याहून मोठी हवी. पण तोंडी सांगितलेली थाप तुम्ही ऐकूनच घ्यायचा नाहीत. पाटीवर लिहिली तरच ती गोष्टीत, आणि मग तुम्ही ती फळ्यावर उतरवून घ्यायचात. थाप मारायची घाई इतकी की आम्ही काना-मात्रा शिकलो ते कळलंही नाही. वांग्याची भाजी करायला हुसेनसागराएवढी कढई लागली, फोडणी दिली तेव्हा गोवळकोंड्यापर्यंत लोक शिंकले, ही माझी थाप होती. 'शिंकले' मी चुकवलं होतं.

आणखी दोन गोष्टी होत्या. पाटी ज्याची त्यानेच पुसायची, तुम्ही कधी कोणाच्या पाटीला हात लावला नाहीत. आणि आम्हाला लिहायला पेन्सिलींचे तुकडे मिळायचे, बोटात धरता येणार नाहीत एवढेसे. अख्खी, कोरी पेन्सिल फक्त त्याला, ज्याच्या वाक्यात एकही चूक नाही. मला ती कधी मिळाली नव्हती. झोपतानाही माझ्या डोक्यात तीच असायची.

आणि त्याच दिवसांत माझे बाबा माळ्यावर राहत होते. वकिलांकडे कारकुनी करता करता ते संस्थानाविरुद्धच्या चळवळीची पत्रकं लिहून द्यायचे, त्यांच्या नावावर वॉरंट निघालं होतं. शेजारी सगळ्यांना सांगितलं होतं की ते गावी गेलेत. आम्ही दार लावून जेवायचो तेव्हा ते शिडीवरून खाली येत, जेवत, माझी पाटी बघत आणि परत वर गाद्यांच्या मागे जात. आईने मला बजावलं होतं, कुठे बोलायचं नाही. मी नाही बोलले, मास्तर. कोणाशी एक अक्षर बोलले नाही.

त्या सकाळी तालीम खात्याचे, म्हणजे शिक्षण खात्याचे, एक साहेब वर्ग बघायला आले होते. शेरवानी घातलेले, खुर्चीच्या कडेवर बसलेले. माणूस वाईट नसेलही, पण त्या दिवसांत कोणाचं बोलणं कुठे पोचेल याचा नेम नव्हता. तुम्ही आम्हाला म्हणालात, आज नवी थाप द्या, अशी की कोणाचा विश्वास बसणार नाही. मी विचार केला आणि लिहिलं, 'माझे बाबा आमच्या माळ्यावर राहतात. ते फक्त जेवायला खाली येतात.' आठ वर्षांची होते. मला वाटलं, यावर कोण विश्वास ठेवणार? साहेब उठून पाट्या बघत येत होते, तुम्ही त्यांच्या पुढे होतात. माझ्या पाटीपाशी तुम्ही वाकलात. एकदा वाचलंत. मग दुसऱ्यांदा. आणि सदऱ्याच्या बाहीने माझी पाटी तुम्ही पुसून टाकलीत. तुम्ही, स्वतः.

"फारच लहान थाप आहे ही," तुम्ही म्हणालात. सगळ्यांसमोर.

साहेबांनी विचारलं, बच्ची ने क्या लिखा था. तुम्ही हसलात आणि म्हणालात, "कुछ नहीं साहब, इसको झूट भी ढंग से बोलना नहीं आता." वर्ग हसला. पुढे बसलेल्या साऱ्यांची पाठ हलताना मला अजून दिसते. मी घरी निघताना तुम्ही माझ्या हातात एक अख्खी पेन्सिल ठेवलीत. मला वाटलं, रडवून आता खाऊ देताहेत.

दुपारी तुम्ही आमच्या घरी आलात, दारातूनच आईशी बोललात आणि गेलात. दुसऱ्या दिवशी मी उठले तर शिडी भिंतीला आडवी ठेवलेली आणि बाबा नाहीत. ते सोलापूरकडे, संस्थानाच्या हद्दीपलीकडे गेले होते, पण मला कोण सांगतं. दोन दिवसांनी शिपाई आले, माळ्यावर चढले, गाद्या खाली फेकल्या आणि रिकामा तांब्या घेऊन उतरले. मला त्यातलं एवढंच कळलं की मास्तर आले आणि बाबा गेले. तुम्ही आईकडे माझी चुगली केलीत, म्हणून माझी पाटी बघणारा माणूस घरातून गेला. संस्थान विलीन झालं, लोकांनी कोठीच्या बाजारात मिठाई वाटली, बाबा वाळून काटकी होऊन परत आले, तरी मी तुम्हाला माफ केलं नाही. तुमच्या वर्गात आणखी दोन वर्षं बसले. रोज थाप लिहिली, आधीच्याहून मोठी, तुमच्याकडे न बघता. पुढे मोठी झाल्यावर कोठीत वह्या घेताना तुम्ही दिसलात. "काय, लिहितेस का अजून?" म्हणालात. मी दुकानदाराकडे तोंड फिरवलं. माझ्या हातात तेव्हा शाळेच्या निबंधांच्या वह्या होत्या, मी नुकतीच मराठीची बाई झाले होते.

तुम्ही गेल्याची बातमी आली तेव्हा आई तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, बरं झालं असं नाही म्हणत, पण मला रडू येत नाही. तेव्हा तिने सूप खाली ठेवलं आणि सगळं सांगितलं. तुम्ही त्या दुपारी दारात उभं राहून म्हणाला होतात, आजच त्यांना हलवा. आणि निघताना परत वळून म्हणाला होतात, "हे तिच्या लिहिण्यामुळे झालं असं तिला कधी कळू देऊ नका. पोर लिहायची थांबेल. माझा राग केला तरी चालेल." आईने तुमचा शब्द तुम्ही असेपर्यंत पाळला. मला तिचाही राग आला, तुमचाही, आणि मग खूप दिवस काहीच वाटेनासं झालं. बाबा म्हातारे होऊन, माझ्या मुलीची पाटी बघून गेले. ते तुम्ही मला दिलेत. त्याबद्दल मी तुम्हाला कधी काही म्हटलं नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच आहे, म्हणून एक सांगून टाकते. इतकं कळूनही 'फारच लहान थाप' हे तुमचे शब्द मला आजही लागतात. वाचवायला दुसरं काही म्हणता आलं नसतं हे माहीत असून लागतात. आज नात खेळायला गेल्यावर मी ती दोन वाक्यं कागदावर पुन्हा लिहून बघितली, बाई म्हणून, लाल पेन हातात घेऊन. माळ्यावर, फक्त, जेवायला. एकही चूक नव्हती. तुम्ही दोनदा वाचलं होतं, तुम्हाला दिसलंच असणार. आणि मग ती अख्खी पेन्सिल कशासाठी होती हे इतक्या वर्षांनी, या वयात, कळलं.

ती मी त्याच दुपारी अफझलगंजच्या पुलावर जाऊन, जिथे वांगं अडकलं होतं तिथे, खाली फेकून दिली होती. घरी हरवली म्हणून सांगितलं.