'निळ्या खिडकी'चे तीन प्रयोग

रविवार, २ नोव्हेंबर
आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही.
तीस वर्षांपूर्वी पुण्यात कॉलेजात असताना 'निळी खिडकी' केलं होतं. संगीत नाटक, पात्रं तीनच. नायक, खिडकीतली नायिका आणि चिठ्ठ्या पोचवणारा मित्र. तेव्हा मी पडदा ओढायचो. आता तेच नाटक राहुरीत उभं करतोय. दिग्दर्शक मी, नायकही मी. नायक चोवीस वर्षांचा आहे, मी एकावन्न. मेकअप कशासाठी असतो?
नायिका सुमैरा. झेडपीच्या शाळेत शिकवते, आवाज गोड. मित्र हर्षल, मोबाईल दुरुस्तीवाला, वय सव्वीस. त्याला एकही गाणं नाही, तरी तालमीत कोपऱ्यात बसून माझी गाणी गुणगुणतो. शिस्त लावायला हवी.
आरती म्हणाली, तुम्ही नायिकेचे वडील करा की. नाटकात वडील नाहीत, हे बायकोला समजावून सांगितलं. म्हणाली, मग घाला.

शनिवार, ८ नोव्हेंबर
राहुरी, मंगल कार्यालय, संध्याकाळी ६. दोनशे खुर्च्या, नव्वद भरल्या. दर्दी तेवढेच आले.
माझं पहिलंच वाक्य: "मी चोवीस वर्षांचा, अजून आयुष्यात काहीच पाहिलं नाही." प्रचंड हशा! पुण्यात या वाक्याला कोणी हसलं नव्हतं. म्हणजे वाक्यात मी नवा अर्थ काढलाय.
तिसऱ्या गाण्याला तीस-पस्तीस लोक बाहेर गेले. भावना अनावर झाल्या की माणसाला एकांत लागतो. बाहेर भेळेची गाडी होती, हा योगायोग.

सोमवार, १० नोव्हेंबर
दुकानात आसाराम आला, कांद्याचं बी न्यायला. बी-बियाण्याच्या दुकानात रसिक येतात ते असे. त्याने विषय काढला नाही म्हणून मीच काढला. म्हणाला, "ती पोरगी लई ग्वाड गाती." मी विचारलं, आणि नायक? त्याने बराच विचार केला. मग म्हणाला, "तुमी लई घाम गाळला, शेठ."
मेहनत लोकांपर्यंत पोचते.
ठराव: रोज पहाटे पाचला रियाज.

मंगळवार, ११ नोव्हेंबर
पहाटे ५. थंडी फार.
रियाज संध्याकाळी केला. शेजारचे पीरमहंमदचाचा दार वाजवून विचारून गेले, घरात सगळे बरे आहेत ना, गाडी काढू का. असा शेजार नशिबानं मिळतो.

रविवार, १६ नोव्हेंबर
कर्जत. उघड्यावर मांडव, गर्दी झकास. हसायच्या जागी हसले, शिवाय इतरही बऱ्याच जागी.
शेवटच्या प्रवेशात नायिका गाव सोडून निघते. नायक तिला थांबवायला गातो, ती थांबत नाही. मूळ गाण्याला कडवी तीन. मी अजून तीन रचली आहेत. चौथ्या कडव्याला पुढच्या रांगेतल्या एक आजी उभ्या राहिल्या. (चांगुणाबाई. नाव नंतर कळलं.) सुमैराला ओरडून म्हणाल्या, "अगं जा बाई! येष्टी चुकंल तुजी!"
टाळ्याच टाळ्या. सुमैरा लगेच निघून गेली. राहिलेली कडवी मी रिकाम्या खिडकीला म्हटली. प्रेक्षक इतका गुंतलेला मी कधी पाहिला नाही.
परतताना टेम्पोत म्हणालो, कर्जतकर खरे रसिक. सुमैरा "हो सर" म्हणाली आणि तोंडाला ओढणी लावून बाहेर बघत राहिली. खांदे हलत होते. भारावली असावी. हर्षल म्हणाला, सर, कडवी तीनच ठेवू या का?
जळतो.
ठराव: कडवी आठ.

बुधवार, १९ नोव्हेंबर
आठवं कडवं वरच्या पट्टीत घेतलंय. घसा जरा बसला. मिठाच्या गुळण्या. आरती म्हणते, बोलूच नका. घरात इतकी शांतता की तिला करमत नसणार. दुपारी गुणगुणत होती.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर
आवाज पूर्ण गेला. डॉक्टर म्हणाले, पाच दिवस एक शब्द नाही. उद्या कोपरगावचा प्रयोग! पाटीवर लिहिलं: रद्द करा.
सुमैरा शांतपणे म्हणाली, "सर, हर्षलला सगळी गाणी येतात. मित्राचं काम माझा भाऊ अझीम करेल, दोनच पानं आहेत."
कधीपासून येतात, असं लिहून विचारलं.
"पहिल्या आठवड्यापासून," हर्षल म्हणाला.
लोकांची गैरसोय नको म्हणून परवानगी दिली. माझी उणीव भासेलच. भासू दे.

शनिवार, २२ नोव्हेंबर
कोपरगाव. तिसऱ्या रांगेत बसलो, आरती शेजारी. हर्षलच्या चुका लिहायला पॅड नेलं होतं.
"मी चोवीस वर्षांचा..." कोणीही हसलं नाही. हमखास जागा घालवली. लिहून ठेवलं.
तिसरं गाणं. कोणी उठलं नाही. दारं बंद असावीत. मागे वळून पाहिलं, उघडी होती.
शेवटचं गाणं. तीनच कडवी. सुमैरा निघाली आणि खिडकीशी थबकली. माझ्या वेळी ती कधी थबकली नव्हती. मागच्या रांगेतून एक बाई हळूच म्हणाली, "नको जाऊ गं."
शेजारी पाहिलं तर आरती रडत होती. मी गात असलो की ती काहीतरी निवडत बसते, मेथी नाहीतर तांदूळ. आज हात मांडीवर नुसते पडले होते.
पॅडवर पुढे काही लिहिलं नाही.

गुरुवार, २७ नोव्हेंबर
सकाळी ७.१५. आवाज आला! बाथरूममध्ये आठही कडवी म्हटली. स्वच्छ. वरचा 'सा'सुद्धा लागला.
१० वाजता हर्षल दुकानात आला. कर्जतवाल्यांनी नाटक परत बोलावलंय, सात डिसेंबरला. कोपरगावला त्यांचे कोणी पाहुणे होते म्हणे. मग म्हणाला, "घसा कसाय सर? काम तुमचंच आहे. तुम्ही म्हणाल तसं." बोलताना माझ्याकडे बघत नव्हता. काउंटरवरचं गवारीच्या बियांचं पाकीट सरळ करत होता. ते सरळच होतं.
मी घसा धरला आणि कुजबुजलो, "डॉक्टर म्हणतात, अजून तीन महिने तरी गाणं नाही."
हर्षल "अरेरे" म्हणाला.
जरा लवकरच म्हणाला.