एडक्याच्या गेटची गाठ

२५ सप्टेंबर, गुरुवार

आजपासून रोजनिशी. भूगोल शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने निवृत्तीनंतर विचार नोंदवून ठेवले पाहिजेत. शिवाय मी 'गुरुवारच्या सोप्या फेऱ्या' या मंडळाचा प्रमुख आहे.

आजची फेरी: चर्चपासून वर, डिलिस प्रॉसरच्या कुरणांतून, पुढे बीच झाडांच्या रानातून टेकडीच्या माथ्यावर, मग पलीकडून खाली. उत्तम झाली. मी स्वतः माथ्यावर गेलो नाही. गुडघा. मंडळींना म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, मी जरा वाटेवरच्या खुणा तपासतो. आणि आलो त्याच वाटेने उतरून पबमध्ये बसलो. मंडळी दमून आली तेव्हा माझा स्टेक पाय, म्हणजे मांस भरलेली पेस्ट्री, संपत आला होता. विल्फने विचारलं, कुठून आलास? म्हटलं, रस्त्याने. कुरणातून आलो म्हटलं असतं तर आधीच परत फिरलो हे कळलं असतं, आणि उगाच माझ्या गुडघ्यावर चर्चा झाली असती.

विल्फ ट्रॅन्टर ऐंशी पार केलेला, पण काटक. मंडळात सगळ्यात शेवटी चालतो, कारण गेटं त्याच्याकडे. गेट जसं सापडेल तसं ठेवायचं, उघडं तर उघडं, बंद तर बंद. हा नियम मी प्रत्येक फेरीआधी सगळ्यांना ऐकवतो. आजही ऐकवला. डिलिसचा एडका, म्हणजे नर मेंढा, वेगळ्या कुरणात असतो; त्या एडक्याच्या गेटाची कडी कधीच गेलीय, निळ्या सुतळीवर काम चालतं. उतरताना ती सोडायला मला बराच वेळ लागला. विल्फ फार घट्ट बांधतो. मी मात्र नीट, बुटाची नाडी बांधतात तशी बांधली. दिसायलाही छान.

२७ सप्टेंबर, शनिवार

सकाळी डिलिस दारात. बूट चिखलाचे, आवाज तीन घरांना पुरेल इतका. म्हणाली, मास्तर, तुमच्या मंडळींनी काय दिवे लावलेत ते या बघायला. सुतळी सुटलेली, गेट सताड उघडं, आणि ब्रिगेडियर मेंढ्यांमध्ये.

ब्रिगेडियर म्हणजे तिचा एडका. पाच नोव्हेंबरला, गावात शेकोटी पेटते, फटाके उडतात त्या दिवशी त्याला मेंढ्यांत सोडायचा, म्हणजे एप्रिल लागता लागता कोकरं, उन्हाची. तिच्या आजोबांपासून असंच. ती म्हणाली, आता फेब्रुवारीत होणार, ऐन बर्फात. तुम्ही काय ती पांघरुणात घेऊन झोपणार का?

मी अरेरे म्हटलं. मग तिने विचारलं, शेवटी कोण होतं?

मी म्हटलं, शेवटी नेहमी विल्फ असतो.

या वाक्यात एकही शब्द खोटा नाही. दिवसभरात मी ते बऱ्याचदा मनात म्हणून पाहिलं. 

२ ऑक्टोबर, गुरुवार

फेरीआधी विल्फने टोपी काढून सगळ्यांसमोर माफी मागितली. म्हणाला, मी गाठ मारली होती असं मला अगदी स्वच्छ आठवतंय, पण एडका काही सुतळी सोडत नाही, तेव्हा चूक माझीच. मग डिलिसकडे जाऊन तिलाही सांगून आलाय.

मी त्याच्या पाठीवर थाप मारली. मारायला नको होती.

त्याने गाठ मारली होती. घट्ट मारली होती. सोडताना माझं नख तुटलं, ते मला ठाऊक आहे.

संकल्प: पुढच्या गुरुवारी सगळं सांगून टाकायचं. आधी वातावरण जरा निवळू दे. तापल्या डोक्याने लोक नीट ऐकत नाहीत.

९ ऑक्टोबर, गुरुवार

पाऊस. फेरी रद्द. माझा नाइलाज झाला.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

फेरी झाली. सोपी, सपाट, कालव्याच्या कडेने. या वाटेवर गेटच नाही, त्यामुळे विषय काढायला निमित्त मिळालं नाही. वाट मीच निवडली होती, पण ती दृश्यासाठी.

विल्फ आज मागे नव्हता. मधे चालत होता. मी कारण विचारलं तर म्हणाला, शेवटी कुणीतरी भरवशाचं असलेलं बरं.

५ नोव्हेंबर, बुधवार

गावची शेकोटी. आज सांगणारच होतो. घरून निघताना वाक्यही ठरवलं होतं.

डिलिसने दुपारी ब्रिगेडियरला रीतसर सोडलं. म्हणाली, दहा-अकरा जणींचं लग्न आधीच उरकलंय, आता हा नुसता वरातीत नाचायला. सगळे हसले. विल्फ हसला नाही. भाजलेला बटाटा हातात धरून आगीकडे बघत उभा होता. मला म्हणाला, माझी हेदर लीड्सहून रोज फोन करते. तिच्याकडे मागची खोली रिकामी आहे. म्हणते, बाबा, आज गेट उघडं राहिलं, उद्या गॅस उघडा राहील.

मी म्हटलं, काहीतरीच काय, तुझी बुद्धी माझ्यापेक्षा तल्लख आहे. हे मी मनापासून म्हटलं.

पुढे बोलणार तेवढ्यात फटाके सुरू झाले. त्या आवाजात कोण काय सांगणार? पण फटाके संपल्यावर आम्ही बराच वेळ तिथेच उभे होतो, हेही लिहून ठेवतो.

१२ डिसेंबर, गुरुवार (बायको रोवेना म्हणते शुक्रवार. कॅलेंडर तिच्या बाजूने आहे.)

विल्फ डॉक्टरकडे जाऊन आला. हेदरने धाडलं. तारीख विचारली, घड्याळाचं चित्र काढायला लावलं, वस्तूंची नावं लक्षात ठेवायला लावली. सगळं बरोबर. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हल्ली एखादी गोष्ट साफ विसरल्याचा प्रसंग? त्या नुसतं विचारत होत्या. याने आपणहून गेटचं सांगितलं.

मी म्हटलं, अरे, कशाला सांगितलंस? तो म्हणाला, डॉक्टरशी खोटं कसं बोलायचं?

रात्री छातीत काहीतरी अडकल्यासारखं. रोवेनाने मटणाच्या पेस्ट्रीला दोष दिला. मीही दिला.

१८ जानेवारी, रविवार

रोवेना इस्त्री करता करता म्हणाली, एक विचारू? गेट उघडं राहिलं त्या दिवशी तू रस्त्याने आलास ना? मग तुझ्या बुटांना गुडघाभर चिखल कसा? मीच धुतले होते.

मी म्हटलं, हल्ली रस्त्यांची अवस्था काय झालीय बघ. पंचायतीला सांगायला हवं.

तिने इस्त्री उभी करून ठेवली. म्हणाली, डेस्मंड, त्या बिचाऱ्याने घर विकायला काढलंय. फलक लागलाय दारावर, दिसला नाही का?

दिसला होता. गेल्या मंगळवारपासून मी ब्रेड आणायला वरच्या गल्लीने जातो. तिथे चढ आहे. गुडघ्याला त्रास होतो, पण व्यायाम हवाच.

मग मी तिला सगळं सांगितलं. पब, सुतळी, नाडीची गाठ, सगळं. वाटलं होतं, हलकं वाटेल. तिने इस्त्रीचं बटण बंद केलं. नुसती माझ्याकडे बघत राहिली, आणि मला माझीच इतकी लाज वाटली की मी उठून भांडी घासली.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

रात्रभर बर्फ. सकाळी कळलं, डिलिसच्या मेंढ्या व्यायला लागल्या. प्रायश्चित्त म्हणून ताबडतोब मदतीला गेलो. डिलिसने बादली दिली आणि बाजूला उभं राहायला सांगितलं. मी दोनदा पडलो, एकदा बादलीसकट. म्हणाली, मास्तर, तुमचा जीव मोठा आहे हो, पण पाय काढा तिथून.

विल्फ उजाडायच्या आत आला होता. गवताने कोकरं पुसत होता. एक पुसून पुसूनही हललं नाही. तो ते मांडीवर घेऊन गुडघ्यांवर बसून राहिला. मग डिलिसला म्हणाला, हे माझ्यामुळे. ती म्हणाली, अरे म्हाताऱ्या, गेटाचं झालं ते झालं, चल ऊठ, अजून सहा आहेत.

मी बादली घेऊन दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. तोंड उघडायला एवढं सोपं कधीच नव्हतं.

आता हद्द झाली. रविवारी त्याच्या घरी जाऊन सांगायचं. ठरलं म्हणजे ठरलं.

२२ फेब्रुवारी, रविवार

सांगितलं.

लिहितानासुद्धा हात हलका वाटतोय. विल्फच्या घरी सगळीकडे खोकी. त्याच्या गेलेल्या बायकोच्या चिनीमातीच्या कुत्र्यांना तो वर्तमानपत्रात गुंडाळत होता. मी बसलो, चहा घेतला, आणि स्पष्ट म्हटलं: विल्फ, ते गेट कदाचित माझ्याकडूनही राहिलं असेल. कुणाकडूनही राहू शकतं.

त्याने हातातला कुत्रा खाली ठेवला. मग खांद्यावर हात ठेवून म्हणाला, तू रस्त्याने आलास हे मला ठाऊक आहे रे. पण तसं म्हणालास, हेच खूप आहे.

मी म्हटलं, तसं नाही. तो म्हणाला, राहू दे. डोळे पुसले त्याने. अशा वेळी माणसाशी हुज्जत घालणं बरं दिसत नाही.

संध्याकाळी दुकानात तिघांनी मला सांगितलं की डेस्मंड, तुझ्यासारखा मित्र मिळायला भाग्य लागतं. विल्फने फोन करून सगळ्यांना कळवलेलं दिसतं. खरं सांगायचं तर ऐकताना थोडं बरं वाटलं. मग घरी येऊन फार वाईट वाटलं.

रोवेनाने विचारलं, नेमकं कोणत्या शब्दांत सांगितलंस? मी सांगितले. ती म्हणाली, 'कदाचित'? उद्या परत जा. 'कदाचित' घरी ठेव. पब सांग, नाडीची गाठ सांग, नख सांग. मग ठेवेल तो विश्वास.

बरोबर आहे तिचं. उद्या.

२३ फेब्रुवारी, सोमवार

गुडघा.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

त्याच्या फाटकापर्यंत गेलो. आत पाहुणे होते. घर बघायला आलेलं जोडपं. त्यांच्यासमोर कुठे बोलणार? ते निघून जाईपर्यंत थांबता आलं असतं. वारा फार होता.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

हेदर शनिवारी येणार असं मला वाटत होतं. आज सकाळीच आली. मी पडदा सरकवला तर गाडी भरून झालेली. विल्फ पुढच्या सीटवर, मांडीवर खोकं. बूट घालून पळत गेलो असतो तर गाठलं असतं. बूट सापडत नव्हते. पायातच होते, हे नंतर लक्षात आलं.

रोवेना रस्त्यावर उभी राहून हात हलवत होती. घरात आली ती थेट वर गेली. दुपारी जेवायला उतरली, मीठ मागितलं, एवढंच.

१५ मार्च, रविवार

लीड्सहून विल्फचा फोन. खोली छान आहे म्हणाला, उबदार. खिडकीतून बसस्टॉप दिसतो. फिरायला जातोस का विचारलं, तर म्हणाला, हेदर एकट्याला सोडत नाही, तिला काळजी वाटते, आणि तिचं बरोबरच आहे.

रोवेना समोर येऊन खुर्चीत बसली. हाताची घडी घालून.

मी म्हटलं, विल्फ, ऐक. इथपर्यंत खरंच म्हटलं.

तो म्हणाला, आधी माझं ऐक, नाहीतर राहून जाईल. हल्ली मी बरंच विसरतो, सगळेच म्हणतात, तेव्हा असेल. पण सबंध गावात माझ्यासाठी खोटं बोललास तो तू एकटा. ते काही मी विसरायचा नाही.

मी म्हटलं, त्यात काय एवढं.